कचऱ्यातून वीज: सोलापूरच्या हिशेबात खरी बचत नेमकी कुठं होते?

जुळेकर (धागाकर्ता)

रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओला-सुका कचरा वेगळा करायचा विषय निघाला. एका काकांनी एका वाक्यात तो मिटवला: "तुळजापूर रोडला कचऱ्यापासनं वीज करतात की. जाळायचंच आहे तर वेगळं कशाला करायचं?" तेवढ्यात चहा आला आणि मीटिंग संपली.

काकांना द्यायला मला तिथल्या तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो. जे निघालं ते इथं टाकतोय. चूक असेल तर झोडा.

पहिली गोष्ट म्हणजे तुळजापूर रोडचा प्रकल्प कचरा जाळायच्या पद्धतीचा नाहीच, पचवायच्या पद्धतीचा आहे. गोबरगॅसचा थोरला भाऊ म्हणा. कचऱ्यातला कुजणारा भाग हवाबंद टाकीत घालायचा, आतली उष्णता पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवायची, जिवाणू गॅस तयार करतात आणि त्या गॅसवर इंजिन चालतं. क्षमता रोज ४०० टन कचऱ्याची, वीज सुमारे ३ मेगावॅट.

आता ३ मेगावॅट म्हणजे किती? पूर्ण दिवस न थांबता चाललं तर ७२,००० युनिट. आपल्या देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे दिवसाला ५० टन वाचला. ऐकायला भारी. पण आपल्या फताटेवाडीचा एनटीपीसीचा कोळशावरचा वीजप्रकल्प १३२० मेगावॅटचा आहे. कचऱ्यातून दिवसभरात निघणारी वीज तिथं सव्वातीन मिनिटांत तयार होते. विजेसाठी म्हणून कचऱ्याकडं बघत असू तर एवढा उपद्व्याप कशाला, हा प्रश्न रास्तच आहे.

मग मी उलट बाजूनं हिशेब केला. हाच एक टन ओला कचरा डेपोवर ढिगात पडून राहिला तर? ढिगाच्या पोटात हवा जात नाही, तिथंही तेच जिवाणू काम करतात आणि मिथेन सोडतात, फक्त तो पकडायला कोणी नसतं. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) सूत्रानं मोजलं: अन्नकचऱ्यात कुजण्याजोगा कार्बन १५ टक्के, त्यातला निम्मा कुजतो, पाच मीटरपेक्षा उंच ढिगासाठी ०.८ चा गुणक, गॅसमध्ये निम्मा मिथेन. उत्तर आलं टनामागं ४० किलो मिथेन. शंभर वर्षांच्या हिशेबानं जैविक मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो. म्हणजे १,०८० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा.

आणि त्याच टनातून वीज? साधारण १०० घनमीटर गॅस, २०० युनिट, १४० किलोची बचत.

एकूण बचतीच्या रुपयात विजेचे साडेअकरा पैसे. बाकीचे साडेअठ्ठ्याऐंशी पैसे मिथेन डेपोवर तयारच झाला नाही, याचे. वीज ही वरची मलई. दूध वेगळंच आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

---

सातरस्ता_एक्सप्रेस

एवढा हिशेब करण्यापरीस घंटागाडी रोज सकाळी टायमावर येईल ते बघा की बे. 😀

---

कतरणशेठ

जुळेकर, लेख चांगलाय, पण आमच्या मालाचं काय? माझं युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे. कटिंग टेबलाखाली रोज पोत्यानं कतरण पडते. पांढरी सुती कतरण गादीवाले, पुसणीवाले घेऊन जातात. रंगीत मिक्स कापडाची कुणी घेत नाही. पूर्वी एक जण भट्टीला न्यायचा, झकास जळते म्हणायचा. मग हे तुमचं पचवणं-बिचवणं कशाला, सरळ जाळून वीज का करत नाहीत? टाकी नको, जिवाणू नको. एक बॉयलर बसवला की झालं.

---

बॉयलरमामा

शेठ, मी ३१ वर्षं बॉयलरवर काढली. पहिली १२ गिरणीत, उरलेली साखर कारखान्यात. जाळणं एवढं सोपं असतं तर माझी नोकरी कुणीही केली असती.

तुमची कतरण जळते कारण ती कोरडी आहे. आपल्या घरचा कचरा म्हणजे भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, खरकटा भात. निम्मं पाणी. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी जातात. ती उष्णता आधी कचऱ्यानं स्वतःच्याच पाण्यावर खर्च करायची, मग उरली तर तुमची वीज. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली असाच प्रकल्प उभारला होता, डॅनिश तंत्राचा, रोज ३०० टन, पावणेचार मेगावॅट. डिझाइन धरलं होतं किलोला साधारण १४६० किलोकॅलरी उष्णता देणाऱ्या कचऱ्याचं. हातात आला ६००-७०० चा कचरा. तीन आठवडे चालला आणि बंद पडला. यंत्र वाईट नव्हतं, डेन्मार्कचा कचरा डोक्यात धरून दिल्लीत बांधलं होतं.

उसाच्या चिपाडातसुद्धा निम्मा ओलावा असतो, पण ते एकसारखं असतं. आज जसं तसंच उद्या. भट्टीला सवय होते. कचरा सोमवारचा वेगळा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा वेगळा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा तर विचारूच नका.



२०१६ च्या घनकचरा नियमांतही हेच होतं. ज्याचं पुन्हा काही करता येत नाही आणि ज्यात किलोला १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता आहे, तोच माल इंधनाकडं. डेपोवर त्याला बंदी. ओल्याला भट्टीचा रस्ता तिथंही नव्हता.

---

जुळेकर

मामा, एक नंबर. आता शेठच्या कतरणीचा कार्बनही मोजू, कारण यात एक गंमत आहे.

सुती कतरण जाळली तर किलोमागं १.६ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. पण तो कापसाच्या झाडानं गेल्या हंगामात हवेतूनच घेतलेला. त्यामुळं हिशेबात तो नवा भार म्हणून धरत नाहीत. चिपाडाचंही तसंच. पॉलिएस्टर जाळलं तर किलोमागं २.३ किलो, प्लास्टिकच्या पिशवीतलं पॉलिथिन जाळलं तर ३.१ किलो, आणि हा सगळा जमिनीखालच्या तेलातला, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. तो कोळशाइतकाच नवा भार.

म्हणजे शेठचं सगळंच कापड झकास जळतं, पण चादर-टॉवेलची सुती चिंधी जाळणं आणि शाळेच्या युनिफॉर्मची कतरण जाळणं कार्बनच्या वहीत दोन वेगळ्या पानांवर लिहिलं जातं.

मिश्र कचरा जाळला तर टनामागं ०.७ ते १.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यातला एक तृतीयांश ते निम्मा तेलातला, असं आयपीसीसीच्या कागदपत्रांत आहे. पिंपरी-चिंचवडला मोशीत २०२३ साली सुरू झालेला जाळण्याचा प्रकल्प ७०० टनांवर १४ मेगावॅटचा आहे, म्हणजे टनाला ४८० युनिट. मधला आकडा धरला, टनाला ४०० किलो तेलातला कार्बन डायऑक्साइड, तर युनिटमागं ८०० ग्रॅमच्या वर जातो. ग्रिडच्या सरासरीपेक्षा जास्त. त्या वीजेला 'हरित' म्हणताना जीभ थोडी चावावी लागते.

---

डेपोशेजारी

सगळं वाचलं. आकडे छान आहेत. एक विचारू का?

आमचं घर एका कचरा डेपोपासून दीड किलोमीटरवर. कुठला ते सांगत नाही. एप्रिल-मेमध्ये वारा आमच्याकडं फिरला की रात्री खिडक्या लावून ओल्या चादरी टांगतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात, खिडक्या लावून. आईला दमा आहे. ढीग आतून धुमसतो, वरून बंब पाणी मारून जातो, चार दिवसांनी परत धूर.

जुळेकर, तुमच्या हिशेबात डेपो म्हणजे कचरा शांतपणे कुजत पडलेली जागा. आमचा डेपो पेटतो. तुम्ही म्हणता प्लास्टिक भट्टीत जाळलं की तेलातला कार्बन सुटतो. अहो, तो इथं तसाही सुटतोय, फक्त चिमणी नाही, गाळणी नाही आणि वीजही नाही. मग भट्टी वाईट कशी?

---

जुळेकर

डेपोशेजारी, तुम्ही माझी वही बरोबर जागी फाडलीत.

खरं आहे. कार्बनचा कोरडा हिशेब असं सांगतो की प्लास्टिक पुरलेलं बरं, कारण ते कुजत नाही, आतला कार्बन आतच राहतो. पण त्यासाठी ते पुरलेलं राहायला हवं. धुमसणाऱ्या ढिगात अर्धवट ज्वलन होतं, काजळी निघते, आणि प्लास्टिकसोबत पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखी विषं. हे कार्बनच्या रकान्यात बसतच नाही. तुमच्या आईच्या दम्याला माझ्या गणितात जागा नव्हती, ही चूकच.

दुसरी सुधारणाही करतो. मी उंच ढीग धरला होता. पाच मीटरच्या आतल्या उथळ ढिगात हवा शिरते, गुणक ०.४ होतो. म्हणजे टनाला २० किलो मिथेन, ५४० किलोच्या बरोबरीचा. शिवाय आपल्यासारख्या उष्ण आणि कमी पावसाच्या प्रदेशात अन्नकचरा सावकाश कुजतो, निम्मा व्हायला सूत्रात आठेक वर्षं धरतात. मिथेन एका वर्षात उडत नाही, उधारीसारखा हप्त्या-हप्त्यानं निघतो. तरीही विजेच्या १४० किलोच्या तुलनेत जवळपास चौपट. मुद्दा तोच राहतो, रुबाब थोडा कमी झाला.

---

होटगीची_गाडी

सुक्या कचऱ्याच्या इंधनावर एक माहिती. बऱ्याच जणांना वाटतं होटगीला सिमेंट कारखाना आहे तर तिथं देऊन टाका. तिथं भट्टी नाही, तयार क्लिंकर (भट्टीत भाजलेले सिमेंटचे खडे) आणून दळतात. क्लिंकरच्या भट्ट्या कलबुर्गीकडं, वाडी-मळखेड पट्ट्यात. ट्रकनं न्यायचं तर येऊन-जाऊन तीनशेच्या आसपास किलोमीटर, ७५-८५ लिटर डिझेल, म्हणजे २०० ते २३० किलो कार्बन डायऑक्साइड. बारा टनांच्या गाडीला टनामागं वीस किलोच्या आत. लोक वाहतुकीच्या कार्बनवर भांडतात, पण इथं तो चिल्लर आहे. भट्टीत मात्र हा माल कोळशाच्या जागी जातो आणि राखसुद्धा क्लिंकरमध्येच मुरते. वीज करण्यापेक्षा मला हे जास्त पटतं.

---

थंडीतला_सोलापूरकर

सध्या स्वीडनमध्ये आहे, म्हणून दोन आणे माझे. इथं घरगुती कचऱ्याचा मोठा भाग जाळतात आणि फोटो बघून आपल्याकडचे पुढारी हुरळतात. पण इथं विजेइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व उष्णतेला. भट्टीतलं गरम पाणी नळानं घराघरांत जातं, माझ्या खोलीतला रेडिएटर त्यावरच चालतो. शिवाय कुजणारा कचरा जमिनीत पुरायला इथं २००५ पासून बंदी आहे. सोलापुरात मे महिन्यात गरम पाण्याचा पाइप घेऊन कुणाच्या दारात जाणार?

---

कतरणशेठ

आमच्या दारात या! अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाईंग आहे, सायझिंग (सुताला खळ देणं) आहे, बारा महिने वाफ लागते. टॉवेल काय थंड पाण्यात रंगतो का? लाकूड, कोळसा, जे मिळेल ते घालतात. चेष्टा नाही, खरंच सांगतोय.

---

बॉयलरमामा

शेठ, कल्पना वाईट नाही, पण वाफ लांब जात नाही. एक-दोन किलोमीटरला दम तोडते. तुळजापूर रोडवरून अक्कलकोट रोडला वाफ न्यायची म्हणजे वाटेतच पाणी. न्यायचा तर गॅस न्या. शुद्ध करून, दाबून सिलिंडरमध्ये. इंदूरला २०२२ पासून तेच करतात, ५५० टन ओल्या कचऱ्यातून दिवसाला १७ टन गॅस, बसगाड्यांना. इंजिनवर वीज केली तर गॅसमधली साधारण एक तृतीयांशच उष्णता तारेत जाते, बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरमधून हवेत. तोच गॅस सरळ बॉयलरखाली जाळला तर बहुतेक सगळी कामाला येते.

---

एमटेकची_रडगाथा

माझा प्रोजेक्ट याच विषयावर होता, त्यामुळं एक खोडा घालतोच. सगळ्यांनी धरलंय की टाकीतला सगळा मिथेन इंजिनापर्यंत पोचतो. गळतीचं काय?

जुळेकरांचेच आकडे. टनाला १०० घनमीटर गॅस, त्यात ६० मिथेन, वजनानं ४२ किलो. विजेनं वाचलेले १४० किलो भागिले २७, म्हणजे ५.२ किलो मिथेन. म्हणजे टाकी, पाइप, झाकणं मिळून साडेबारा टक्के गॅस गळला की विजेनं कमावलेलं सगळं पुसलं. इंजिन दुरुस्तीला बंद असताना गॅस ज्योतीवर न जाळता तसाच सोडला तर एका दिवसात कित्येक दिवसांची कमाई गेली. आणि टाकीतून बाहेर काढलेला पचलेला गाळ उघड्यावर साठवला तर तोही गॅस सोडतच राहतो. परदेशातल्या प्लँटवर गॅस दिसणारे कॅमेरे लावतात. आपल्याकडं निदान साबणाचं पाणी तरी लावून बघावं.

---

मेसवाली_ताई

मी इतके मोठे आकडे वाचत नाही, पण गोबरगॅसवर मला बोलू द्या. कॉलेजच्या पोरांची मेस चालवते. चार वर्षांपूर्वी मागच्या अंगणात छोटी टाकी बसवली. रोज वीसेक किलो खरकटं जातं, दोन घनमीटरच्या आसपास गॅस. एका घनमीटरला अर्ध्या किलोच्या जरा आत एलपीजीचं काम होतं. सोळा-सतरा दिवसांला एक सिलिंडर वाचतो. वीज-बीज काही नाही, सरळ शेगडी.

पण सुरुवातीला तीन महिने रडवलं. पोरं सुट्टीवर गेली, भात उरला, मी सगळा एकदम ओतला. टाकी आंबली. गॅस बंद, शेजाऱ्यांच्या तोंडाला कुलूप नाही. बसवणाऱ्यानं फोन उचलला नाही. शेवटी गावाकडच्या मामांनी सांगितलं, आठ दिवस काही घालू नको, रोज शेणाचं पाणी दोन बादल्या आणि थोडा चुना. परत सुरू झाली. तेव्हापासून लिंबाच्या साली, अंड्याची टरफलं, हाडं बाजूला. जिवाणूसुद्धा पोटच आहे, एकदम जेवायला घातलं की बिघडतं.

---

मुकादमाचा_पोरगा

ताई बरोबर बोलल्या. पोटात काय जातं तेच महत्त्वाचं.

माझे वडील सफाईत होते, मी एका प्रोसेसिंग प्लँटवर (सोलापूर नाही, नाव घेत नाही) दोन वर्षं शिफ्टला होतो. लाइन बंद पडायचं पहिलं कारण माहितीय काय? चिंध्या. कचरा फाडणाऱ्या श्रेडर यंत्राच्या शाफ्टला कापडाच्या पट्ट्या अशा गुंडाळतात की आत शिरून कात्रीनं कापाव्या लागतात. त्यात पतंगाचा मांजा असला तर हातही कापतो. दुसरं, डायपर. तिसरं, दगड-विटा, बांधकामाचा राडारोडा. लोक म्हणतात जिवाणू सगळं खातात. जिवाणू खातात हो, पण आधी पंप चालायला पाहिजे ना.

ज्या दिवशी मंडईचा भाजीपाला वेगळा यायचा त्या दिवशी गॅसचा काटा वर. ज्या दिवशी मिक्स गाडी यायची त्या दिवशी आम्ही खाली, हातात कात्री.

सोलापुरात तर चिंध्यांना तोटा नाही. शेठ, राग मानू नका.

---

कतरणशेठ

राग कशाला? मला वाटायचं कापड आहे, कुजून जाईल. उद्यापासून कतरण वेगळ्या पोत्यात, सुती वेगळी, मिक्स वेगळी. पण घेणारा सांगा कुणीतरी, नाहीतर पोती माझ्याच गोडाऊनला.

---

होटगीची_गाडी

शेठ, मिक्सवाली भट्टीच्या इंधनात चालते, कोरडी असेल तर. बेलिंग करून, म्हणजे दाबून गठ्ठे बांधून ठेवा. मेसेज करतो.

---

जुळेकर

काकांना आज जिन्यात गाठलं. म्हटलं, तिकडं जाळत नाहीत, पचवतात, आणि तुमच्या बादलीत भाजीसोबत दुधाची पिशवी गेली की तिकडं कुणीतरी कात्री घेऊन आत शिरतं. कार्बनचं काही बोललोच नाही. काका म्हणाले, "असं होय? मग आधी सांगायचं की." वर गेले आणि दुसरी बादली शोधायला लागले, आवाज ऐकू येत होता.

सगळा हिशेब केला तो केला, कामाला आली मुकादमाच्या पोराची कात्री.

---

डेपोशेजारी

काल वारा पलीकडं होता. खिडक्या उघड्या ठेवून झोपलो.

---

सातरस्ता_एक्सप्रेस

मस्करी केली होती, पण सगळा धागा वाचला राव. एक खरंखुरं विचारतो: नारळाच्या करवंट्या ओल्यात की सुक्यात? घरात कालपासून यावरनं भांडण आहे.

---

मेसवाली_ताई

सुक्यात. टाकीत घालू नका, वर्षभर तशीच तरंगते. आणि शेंड्या माझ्याकडं द्या, भांडी घासायला लागतात.